बुद्धाची पाठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचून खाली हसऱ्या स्मायली टाकणाऱ्यांत मीच पुढे असायचे. त्यामुळे आता तुम्ही हसलात तरी तक्रार नाही.

आम्ही मूळचे औरंगाबादचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मैसूरला आलो, तिथल्या हूटगळ्ळी भागात घर बांधलं. आई गेल्यावर बाबांनाही इकडे आणलं. बाबा चित्रकलेचे शिक्षक. दरवर्षी मुलांना लेण्यांत न्यायचे आणि स्वतः एकाच बसलेल्या बुद्धासमोर ठाण मांडून स्केचेस काढायचे. "लेणं वरून खाली खोदतात," ते सांगायचे, "आधी छत, मग डोकं, शेवटी पाय. हा बुद्ध पुढून सुटा झाला, पण पाठ अजून डोंगरातच आहे."

इथे त्यांचा विसरण्याचा आजार वाढला. दिवसभर एकच — "घरी कधी जायचं?" एकदा तर फाटक उघडून थेट हायवेवर... लोकांनी ट्रकसमोरून ओढून आणलं. वर्क फ्रॉम होम असलं तरी मी किती लक्ष ठेवणार? शेवटी एका केअर सेंटरमध्ये खोली ठरवली. सोमवारी न्यायचं होतं. मला आतून रडू फुटत होतं.

त्याआधीच्या शनिवारी मूर्ती आली. बाबांचं मन रमेल म्हणून मी त्यांच्या स्केचवरून तो बुद्ध मागेच घडवायला दिला होता. शिल्पी राघण्णा इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. वाडवडील कापड रंगवायचे, हे मात्र देवळांच्या मूर्ती करतात. काळाभोर दगड, चेहरा इतका शांत की बघत राहावं. पण मागे गेले तर पाठही कोरलेली! चिवराच्या चुण्यांसकट, चकचकीत.

"राघण्णा, स्केचमध्ये पाठ कुठे होती?"

"अल्ला, तसं नव्हे ताई, पाठ नसली की मूर्ती अर्धीच की! अर्धी मूर्ती घरात ठेवायची? बेडा, नकोच! तुम्ही सांगला नाहीत, तरी मीच मन लावून केलो."

चार माणसांनी घामाघूम होत मूर्ती हॉलच्या मधोमध ठेवली. बाबांनी तिला फेरी मारली, पाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"याला उपटून आणलंय," ते म्हणाले. "परत ठेवा."

मग जी घालमेल सुरू झाली! फेऱ्या मारायचे, बुद्धाच्या पाठीवर शाल टाकायचे, काढायचे. मध्येच त्याच्या मागे त्याला पाठ टेकून उभे राहायचे. शांत व्हावेत म्हणून आणलं आणि भलतंच झालं, असं वाटून मला माझाच राग आला.

रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. मी आत बाबांचे कपडे बॅगेत भरत होते. हॉलमधला पावलांचा आवाज एकदम थांबला. गेले बाहेर! मी धावले. फाटकाला कुलूप तसंच होतं.

मूर्ती भिंतीला टेकलेली होती... आणि शेजारी, भिंतीला पाठ लावून, बाबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. फरशीवर एक ओरखडा नाही. कॅमेरा होता का, असं विचारू नका, नव्हता. पण वास होता — ओल आणि वटवाघळं. लेण्यात गेलेल्या कोणालाही तो ओळखता येईल.

बाबांनी डोळे उघडले. "आलो एकदाचे घरी," म्हणाले.

मी राघण्णांना बोलावलं. माणसं लावून मूर्ती जरा पुढे ओढली. पाठ नव्हती! चुण्या, पॉलिश, काहीच नाही. नुसता खडबडीत, फोडून काढल्यासारखा दगड. खाली चिमूटभर भुकटीसुद्धा नाही. राघण्णांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे माझ्या हातचं काम नव्हे, ताई. परत घासून देऊ का?"

"राहू दे," बाबा म्हणाले.

सोमवारी मी सेंटरला फोन करून नकार कळवला. बाबा आता भिंतीपाशी बसून पुन्हा स्केचेस काढतात, फाटकाकडे बघतही नाहीत. मी मात्र कुठेही गेले तरी आधी भिंतीकडची खुर्ची शोधते. हे सगळं काय होतं, मला आजही कळलेलं नाही.

आणि बाबा आता "घरी कधी जायचं" असं विचारत नाहीत. मी लॅपटॉप मिटून हॉलमध्ये आले की काळजीने माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तू कधी येणार गं घरी?"