वशरामभाईंची पुडी

वशरामभाई गजेरांना मी एकवीस वर्षं रोज पाहिलं, पण ओळखलं कितपत, हे मला सांगता येणार नाही. त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो. त्यांना मुलं किती, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. आमच्या मार्केट यार्डात ते शेंगांचा लिलाव पुकारत आणि मी, तिथला महेताजी म्हणजे कारकून, कचेरीत बसून पावत्या फाडत असे. त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांच्या पत्नीकडून, लाभुबेनकडून, ऐकलेलं आहे. कुठे चुकलं असेल तर ते माझं.

आमच्या सौराष्ट्रात भुईमुगाचा हंगाम म्हणजे सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत भांडण. ढिगाच्या एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी आणि ढिगावर उभे वशरामभाई. शेतकऱ्याला वाटे, हा व्यापाऱ्यांना सामील. व्यापाऱ्यांना वाटे, हा शेतकऱ्यांचा मेहुणा. वरून माणूस धिप्पाड, मिशी भरघोस. पण या भांडणाची धास्ती त्यांना घरून निघण्याआधीच लागलेली असे.

त्यावर त्यांचा उपाय म्हणजे मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात बांधलेला. पुडी तळहातावर घ्यायची आणि अंगठ्याने चोळत राहायची. भांडण जितकं तापे तितका अंगठा जोरात चाले. ढीग सुटला, म्हणजे विकला गेला, की ते पुडी उघडून पुढे धरत. शेतकरी आणि व्यापारी दोघंही चिमूट उचलून ओठाखाली दाबत. मग कुरबुर करायला तोंड मोकळं राहत नसे. ही यार्डाची रीतच झाली होती. ज्याने चिमूट नाकारली तो रुसला असं समजायचं. हंगामात वशरामभाईंच्या दिवसाला दहा-अकरा पुड्या होत.

एका वर्षी गोकुळाष्टमीला, सातम-आठमच्या जत्रेत दोघं नवरा-बायको पाणीपुरी खायला उभे राहिले. वशरामभाई प्रत्येक पुरी चुरून खात होते.

"चुरून काय खाताय?" लाभुबेन म्हणाल्या.

"मोठी केलीय त्याने."

"मग माझी कशी जाते? तीन बोटं उभी घाला बघू तोंडात."

दीड बोट गेलं. पाणीपुरीवाला म्हणाला, "काका, तुमच्यासाठी बाळाच्या मापाच्या पुऱ्या काढू का?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "मावा आज सोडलात तर तोंड आहे तिथे थांबेल, व्यायामाने थोडं उघडेलही. नाही सोडलात तर उद्या चमचा जायची पंचाईत."

पुकारा तर आधीच घुसमटू लागला होता. यार्डाच्या सेक्रेटरींनी त्यांना बोलावून घेतलं. "वशरामभाई, मागच्यांना ऐकू येत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमीला यार्ड उघडेल, त्या दिवशी बघू. नाही जमलं तर काट्यावर बसा, वजनं बघा." पगार तोच राहणार होता. पण ढिगावरून उतरायचं, या धास्तीने वशरामभाईंनी त्या दिवशी दोन पुड्या जास्त खाल्ल्या.

तीनदा सोडला, तीनदा धरला. दिवाळीच्या सुट्टीत चौथ्यांदा सोडला. मग त्याच्या जागी गाठिया आले, सकाळ-संध्याकाळ, तळलेल्या मिरच्यांसकट. चहा इतका वाढला की दूधवाल्याने विचारलं, "बेन, पाहुणे मुक्कामाला आहेत का?" चौथ्या दिवशी ते टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाशी भांडले.

लाभुबेन हे सगळं बघत होत्या. क्रिकेट बघताना नवऱ्याने रुमालाचं टोक तळहातावर चोळून चोळून फाटत आणलेलं त्यांना दिसलं.

"अहो, तुमच्या जिभेला काही नकोय," त्या म्हणाल्या. "अंगठ्याला हवंय."

त्यांनी भाजलेली बडीशेप आणि धणाडाळ प्लास्टिकमध्ये घालून हुबेहूब तशीच पुडी बांधली. वशरामभाईंनी ती चोळून पाहिली आणि त्या दिवशी गाठिया अर्ध्यावर ठेवले.

लाभपाचमीला पहिलाच ढीग जादवभाई नावाच्या शेतकऱ्याचा निघाला. व्यापारी प्रागजीशेठ म्हणाले, यात माती आहे. जादवभाई म्हणाले, माती शेठच्या डोळ्यांत आहे. लांब, शेवटच्या शेडपाशी सेक्रेटरी कानामागे हात धरून उभे. वशरामभाईंना ते दिसत होते. पुकारा चार पावलांवर विरत होता आणि अंगठा पुडीवर नुसता पळत होता. कसाबसा ढीग सुटला. सवयीने त्यांनी पुडी उघडून पुढे धरली. आत काय आहे हे सांगायचं राहूनच गेलं. दोघांनी चिमूट घेतली, ओठाखाली दाबली आणि डोळे मिटून झिणझिण्यांची वाट पाहत उभे राहिले.

बऱ्याच वेळाने प्रागजीशेठनी एक डोळा उघडला. "वशराम, कुणाच्या लग्नात जेवून आलास?"

"लाभुने दिलीय," वशरामभाई म्हणाले.

"राहू दे शेठ," जादवभाई म्हणाले. "माती नाही ना त्यात? मग खा."

सगळा घोळका हसला. वशरामभाईही हसले, जेवढं तोंड उघडेल तेवढं उघडून. दुसऱ्या ढिगाचा पुकारा मोकळा निघाला. सेक्रेटरींनी कानामागचा हात काढला आणि ते चहाला गेले.

यार्ड काही सुधारलं नाही. निम्मे लोक वशरामभाईंची चिमूट मानापुरती घेत आणि मग पानाच्या गल्ल्यावर जाऊन खरा मावा आणत. खुद्द वशरामभाईही एका वर्षी, पावसाने पीक कुजलं तेव्हा, आठवडाभर घसरले आणि घरी त्यांनी स्वतःच कबुली दिली. तोंड पुढे अडीच बोटांपर्यंत आलं. तिसरं बोट कधी पुरतं गेलं नाही. पाणीपुरी मात्र अख्खी जाऊ लागली. मला नखं कुरतडायची खोड आहे. ते बघून त्यांनी एकदा माझ्या टेबलावर एक पुडी ठेवली. मी ती लाजून खणात टाकली.

निवृत्त होऊन ते मुलाकडे सुरतेला जाणार होते. शेवटच्या दिवशी त्यांच्याशी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होतो. दुपारी यार्डाच्या पार पलीकडच्या टोकाहून त्यांची हाक आली.

"महेताजी, अकरा नंबर सुटला. पावती फाडा."

"फाडली," मी म्हणालो.