वन्संच्या सासरी गेलेला फोन

वसुलीचे फोन आमच्या घरी रोजच यायचे. सकाळी दूध तापवताना यायचे, दुपारी जेवताना यायचे. नंबर अनोळखी दिसला की नवरा फोन उपडा ठेवायचा आणि आम्ही पुढचा घास घ्यायचो. माणसाला कशाचीही सवय होते. पण एके दिवशी तोच फोन घाटापलीकडच्या मुठे गावात वाजला, माझ्या नणंदेच्या सासरी, आणि तो उचलला तिच्या सासऱ्यांनी.

आम्ही नेऱ्याचे. हिंजवडीच्या कंपन्या पसरत पसरत आमच्या शिवाराला येऊन भिडल्या, तेव्हा सासऱ्यांनी रस्त्याकडचं वावर विकलं. त्या पैशातून इमारत उभी राहिली. खाली आम्ही, वर भाड्याच्या खोल्या. कर्जावर एक गाडीही घेतली. नवरा ती कंपनीला लावून ऑफिसच्या लोकांची ने-आण करायचा. सासरे त्यानंतर फार जगले नाहीत, पण जाताना ते निर्धास्त होते. पोराचं बस्तान बसलंय, असं सगळ्यांना सांगायचे.

पहिलं कार्ड मॉलमध्ये मिळालं. टाय लावलेल्या एका पोरानं नवऱ्याला थांबवलं आणि ‘सर’ म्हणाला. गावात त्याला कुणी सर म्हणत नाही. तू त्या एका शब्दाला भुललास, असं मी नंतर भांडणात कितीदा म्हणाले. पण त्या कार्डावर आलेला पहिला फ्रिज मीच पसंत केला होता. दोन दारांचा, लाल रंगाचा. शेजारच्या जावेनं तो हात लावून बघितला, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं.

मग दुसरं कार्ड आलं, तिसरं आलं. पोरांच्या शाळेची फी, मावसदिराच्या लग्नातला आहेर, देवीची जत्रा, सगळं कार्डावर. पैसे दिल्यासारखं वाटायचंच नाही. पुढे ऑफिसची माणसं घरूनच काम करायला लागली आणि कंपनीनं बऱ्याच गाड्या कमी केल्या. त्यात आमची गेली. गाडीचा हप्ता मात्र चालूच राहिला. कार्डाच्या बिलावर खाली ‘किमान रक्कम’ असते, तेवढीच आम्ही भरायला लागलो. ती भरली की महिनाभर सुटल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या महिन्यात बिल वाढलेलंच असायचं. हिंजवडीत एक मोबाइलवाला होता. तो कार्ड घासायचा आणि आपलं कमिशन कापून रोख हातात द्यायचा. एका कार्डाचं दुसऱ्यानं भागवायचं, असं बरेच दिवस चाललं. दुकानाची उधारी झाली. बचत गटातून मी शिलाई मशिनसाठी म्हणून कर्ज घेतलं, मशिन कधी आलंच नाही. पाटल्या गहाण पडल्या. शेवटी भाडेकरूंची अनामतसुद्धा आम्ही खाऊन बसलो. कुणी खोली सोडतो म्हणालं की नवा माणूस ठेवायचा, त्याची अनामत घ्यायची आणि जुन्याला द्यायची.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना कळलं ते वसुलीची माणसं दारात आली तेव्हा.

दुपारची वेळ होती. आत्या, म्हणजे सासूबाई, दारापुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी खिडकीतून बघितलं, एका मोटारसायकलवरून दोघं उतरले. एकाच्या पाठीला सॅक होती. नवरा कुणाच्या तरी गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून गेला होता. मला बाहेर यायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, आतून कडी लावली आणि गॅसच्या टाकीशेजारी खाली बसले.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“आजी, मुलगा कुठाय?”

“न्हाई घरात. कामाव गेलाय.”

“आणि सूनबाई?”

आत्यांचं सूप पुन्हा वाजायला लागलं. त्यांना खोटं बोलायची सवय नाही.

“आजी, एवढी बिल्डिंग उभी केलीय, आणि बँकेचे पैसे द्यायला नाहीत? सांगा त्याला, लोकांचे पैसे खाऊन लपून बसू नको म्हणावं.” तो मोठ्यानं बोलत होता, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. वर दारं उघडल्याचे आवाज आले. भाडेकरू जिन्यात येऊन उभे राहिले असणार.

मग चपलांचा आवाज खाली आला. लातूरकडची एक बाई वर राहायची, कंपनीत साफसफाईच्या कामाला होती. ती म्हणाली, “मालक-मालकीण दोघं गावाला गेलेत. म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलता? ते आल्यावर या.”

ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी घरात आहे हे तिला पक्कं माहीत होतं, सकाळीच आम्ही एका दोरीवर कपडे वाळत घातले होते. माणसं गेली. तिनं स्वयंपाकघराच्या दारावर हळूच टकटक केलं.

“ताई, गेले ते.”

“बरं,” मी आतून म्हणाले. तरी कडी काढली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुढच्या भाड्याचे पैसे आधीच घेऊन आली. म्हणाली, “राहू द्या तुमच्याकडं, माझ्याकडून खर्च होतात.” पैसे देताना ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. मी घेतले. नको म्हणायची ऐपत नव्हती आणि घेताना काय बोलावं हे सुचलं नाही. मालकीणपणाचा एक आवाज मी इतकी वर्षं त्या जिन्यात वापरत होते, तो त्या दिवसानंतर मला काढता आला नाही.

आणि मग मुठ्याचा फोन झाला.

कार्ड घेताना ओळखीच्या माणसांचे नंबर लिहून द्यावे लागतात. नवऱ्यानं बहिणीच्या घरचा नंबर दिला होता. तिला सांगितलंही नव्हतं. फोन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी नणंद आली, बस बदलत बदलत, एकटी. हातात पिशवी नाही, पोरांसाठी खाऊ नाही. माहेरी अशी ती कधीच आली नव्हती. नेमका नवरा घरी होता.

“या वन्सं, पाणी—” मी म्हणाले.

“पानी नको वैनी.” ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही. भावाकडे बघून म्हणाली, “दादा, माज्या सासऱ्यानं फोन घेतला. भरल्या घरात. जावा हुत्या, पाव्हणं हुतं. फोनवरची पोरगी म्हनली, तुमच्या सुनेच्या भावानं पैसं बुडवल्यात.”

“मी बोलतो त्यांच्याशी,” नवरा म्हणाला.

“काय बोलनार? कालपास्नं मामंजी माज्याशी बोलल्यालं न्हाईत. ताट वाढलं की मान खाली घालून जेवत्यात. एवढ्या वर्सात त्यांनी मला कदी वाकडा शबुद बोलला न्हाई, आन् आता माज्याकडं बघत न्हाईत.”

“चुकलं गं माझं.”

“वावर इकलं तवा सही कराय मी लागली. पैसं बुडिवलं तवा फोन घ्याय बी मीच. मदल्या येळंला कुटं हुते रं मी?”

जमीन विकताना पौडला कचेरीत नणंदेनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. तिच्या वाट्याचं काय, असं तिनं विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. सगळ्या बहिणी करतात तशी तिनं केली. त्या दिवशी तिला साडी नेसवली होती. ती साडी मी निवडली होती. दुकानदारानं दोन दाखवल्या होत्या आणि मी स्वस्तातली घेतली होती. तिला रंग आवडेल, असं तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं.

नणंद रडली नाही. रडली असती तर मला जवळ जाता आलं असतं.

आत्या भिंतीशी बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, लेकीला हाताला धरून खाली बसवलं आणि मुलाला म्हणाल्या, “हे खालचं घर भाड्यानं दे. मोठी अनामत घे. आपुन वरच्या खोलीत जाऊ.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“लोकांनी तुजी बायकू कडी लावून बसल्याली बगितली. आजून काय म्हनायचं ऱ्हायलंय?”

मी तिथंच उभी होते. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, रागानंही बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं की त्यांना कळलं नसेल, मी शेजारी गेले असेन असं त्यांनी धरलं असेल.

कंपनीत काम करणारं एक जोडपं मिळालं. मोठी अनामत आणि नाममात्र भाडं, असं ठरलं. सामान हलवायच्या दिवशी नवरा म्हणाला, जरा अंधार पडू दे. आत्या म्हणाल्या, “चोरी केलीया का? उजेडात चला.” देव्हारा त्यांनी स्वतः उचलला आणि एकेक पायरी थांबत वर नेला. भाडेकरू बाजूला सरून वाट देत होते. लातूरच्या बाईनं न विचारता आमची गादी उचलली. लाल फ्रिज जिन्याच्या वळणावर अडकला. शेवटी तो खालीच ठेवला, त्या जोडप्यालाच विकला.

बँकेशी नवऱ्यानं बोलणी केली. एकरकमी भरतो म्हटल्यावर त्यांनी काही सोडलं, बाकीचं घेतलं. गाडी विकून तिचं कर्ज फिटलं. बचत गटाचे पैसे मी अजून फेडते आहे. गटाच्या बैठकीत मी मशिनबद्दल खरं सांगितलं. त्या दिवशी चहा झाल्यावर नेहमीसारखं कुणी माझ्याजवळ थांबलं नाही.

हे सगळं मार्गी लागल्यावर आम्ही दोघं मुठ्याला गेलो. जायचं नवऱ्यानं ठरवलं होतं, मी टाळायला बघत होते. मोटारसायकलवरून घोटवड्यामार्गे पिरंगुट, उरवडे आणि मग घाट. उरवड्याला कंपन्यांची पाळी सुटली होती, रस्ता माणसांनी भरला होता. घाटात नवरा म्हणाला, “मी काय बोलू?” मी म्हणाले, “चुकलं म्हणा आणि पाया पडा.” दुसरं मलाही येत नव्हतं.

नणंदेचे सासरे ओसरीत खुर्चीवर बसले होते. आता शेत मुलं बघतात, ते घरीच असतात. नवरा त्यांच्या पाया पडला आणि उठताना तिथंच खाली बसून राहिला.

“मामा, माझ्यामुळं तुमच्या दारात नको ते बोलणं आलं. बहिणीचा काही दोष नाही. तिला यातलं काही माहीत नव्हतं.”

म्हातारा म्हणाला, “तिचा दोस हाय आसं कुनी म्हनलं?”

“तुम्ही तिच्याशी बोलत नाही, म्हणून...”

“फोनवर तिचं नाव काढलं तवा मला लई राग आला. त्या पोरीला म्हनलं, आमच्या सुनंला बोलायचं काम न्हाई. किती हाय सांग, मी भरतो. तिनं आकडा सांगितला.” ते थांबले. त्यांनी धोतराचा सोगा उगाच मांडीवर सारखा केला. “आकडा ऐकला आन् फोन ठिवला मी. एका शबुदानं बोललो न्हाई. पाव्हण्यांसमोर भरतो म्हनलो आन् फोन ठिवला. मग सुनंकडं कोनच्या तोंडानं बगायचं?”

नणंद चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं पहिला कप सासऱ्यांना दिला. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. ती म्हणाली, “मामंजी, साकर कमी टाकलीय.” ते म्हणाले, “आसू दे, बरंय.” बस, इतकंच. पण आत गेल्यावर ती स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभी राहिली आणि मग रडली. या वेळी मी जवळ गेले. तिनं मला येऊ दिलं.

आमचा एक पैसाही न घेतलेल्या माणसानं आमची लाज आपल्या डोक्यावर घेतली होती, आणि आम्ही त्याला रागावलेला समजत होतो. परतताना घाटभर नवऱ्याचे खांदे हलत होते, ते रस्त्यामुळे असेल म्हणून मी विचारलं नाही.

आम्ही अजून वरच राहतो. पोरं अभ्यासाला गच्चीवर बसतात. खालचं जोडपं भलं आहे, मला काकू म्हणतं. कुरिअरवाला मला विचारतो, मालक कुठे राहतात, आणि मी वर बोट दाखवते.

गेल्या महिन्यात जेवताना नवरा म्हणाला, “अनामत परत देऊन झाली की वरचा एक मजला बहिणीच्या नावावर करावा म्हणतो. तिचा वाटा होताच.” आत्यांनी जेवण थांबवलं. त्यांनी मुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. नणंदेनं हे कधी मागितलेलं नाही, मागणारही नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी भाजी वाढत होते. हो म्हणायचं होतं. तोंडातून आलं, “आधी पोरांची शिक्षणं होऊ देत. मग बघू.”

आत्या खाली बघून पुन्हा जेवायला लागल्या.