सहावा गाळा की सातवा

स्क्रीनवर आमचा ड्रोन कोरड्या वाळूत उभा होता.

प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता. त्याची पिवळी केबल माझ्या डोळ्यांसमोर बंधाऱ्याच्या रेलिंगवरून खाली जाऊन गोदावरीत बुडालेली होती. पण लॅपटॉपवरचा लाल ठिपका बंधाऱ्याची लोखंडी दारं ओलांडून पलीकडे गेला होता. दारांच्या पायथ्याचा डोह संपतो, त्याच्याही पुढं.

"मॅडम, आपला ड्रोन पाण्यातच हाय ना?" अमोलनं विचारलं. अमोल ड्रोन चालवतो, आष्टीचा आहे. रिमोट त्याच्याच हातात होता, तरी त्यानं मला विचारलं. मीही केबलकडं एकदा बघून घेतलं.

हा बंधारा कुंभार पिंपळगावच्या पुढं. त्याच्या एका दाराखालून पाणी निसटत होतं. पाणीपातळी रोज थोडी थोडी उतरत होती आणि आसपासच्या गावांच्या नळयोजना याच पाण्यावर होत्या. उन्हाळा तोंडावर आलेला. खालच्या बाजूला उभं राहून गळती दिसली असती तर मला कुणी बोलावलंच नसतं. पण तिकडं डोह साचलेला आणि गळतीचं पाणी त्याच्या पोटातच मिसळत होतं. नेमका कोणता गाळा, म्हणजे कोणत्या दोन खांबांमधली जागा, ते शोधायचं काम माझं.

दुरुस्तीचं काम ललितशेठकडं होतं. घराणं मूळचं राजस्थानचं, पण जालना शहरात इतक्या पिढ्या गेल्यात की त्यांची मराठी माझ्यापेक्षा अस्सल आहे. त्यांच्याकडं लोखंडी प्लेटांचा एकच संच होता. गळक्या दारापुढं क्रेननं त्या प्लेटा सोडायच्या, ओढ थांबवायची, आणि मग पाणबुड्यानं खाली जाऊन दाराखालचं, पाणी अडवणारं फाटलेलं रबर बदलायचं, असा बेत.

पाणबुडे सलीमभाई नांदेडहून आले होते. त्यांनी आल्या आल्या मला बाजूला घेतलं.

"म्याडम, जगा बराबर सांगा, मंग मी उतरतो. खाली मला माझा हात दिसत न्हाई. त्या फटीनं एकदा पाय धरला तर वरून दहा माणसं ओढून राह्यली तरी सुटत न्हाई."

म्हणून मला तो ठिपका नेमका हवा होता. आणि तो वाळूत उभा होता.

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. त्याचे रेडिओ सिग्नल पाण्यात शिरले की लगेच विरतात. आवाज मात्र पाण्यात छान पळतो. म्हणून ड्रोनच्या पाठीवर आम्ही एक छोटं यंत्र बसवतो, ते सारखं टिकटिक करतं. पाण्यात चार रिसीव्हर सोडतो, ते कान देऊन ऐकतात. टिकटिक कोणत्या कानाला आधी पोचली, कोणाला नंतर, यावरून सॉफ्टवेअर जागा काढतं. सांगायला सोपं आहे.

मी केबल तपासल्या. रिसीव्हरचे नंबर तपासले. लॅपटॉप बंद करून चालू केला. ठिपका वाळूतच. अमोलनं ड्रोन बंधाऱ्यापासून लांब नेला, तर ठिपका उलट्या दिशेनं लांब गेला. त्यानं जवळ आणला, ठिपकाही जवळ आला.

"आरशातल्यासारखं करून राह्यलंय," अमोल म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चारही रिसीव्हर आम्ही रेलिंगवरून एका सरळ रेषेत सोडले होते. सगळे कान एका ओळीत असले की आवाज ओळीच्या अलीकडून आला की पलीकडून, हे त्यांना सांगता येत नाही. समुद्रात बोटीच्या चार कोपऱ्यांना रिसीव्हर बांधायची सवय, तिथं हा प्रश्नच येत नाही. ललितशेठचा तराफा मागून घेतला, तो पाण्यात आत नेऊन नांगरला आणि दोन रिसीव्हर त्यावर हलवले.

ठिपका पाण्यात आला. पण आता तो टुणटुण उड्या मारायला लागला. दारं लोखंडी, खांब काँक्रीटचे, पाणी उथळ. टिकटिक सगळीकडं आपटून परत येत होती आणि रिसीव्हरला खरा आवाज कोणता, प्रतिध्वनी कोणता, ते कळत नव्हतं. रेलिंगवरचे दोन रिसीव्हर बांबूला बांधून भिंतीपासून दूर काढले. लांबून फिरून येणारे आवाज सोडून द्यायचं सेटिंग लावलं. हळूहळू ठिपका शहाण्यासारखा वागू लागला.

"झालं का म्याडम? क्रेनवाला बसून राह्यलाय," ललितशेठ म्हणाले.

"शेठ, आता शोधायला सुरुवात."

गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला वीतभरच दिसत होतं. म्हणून ड्रोनच्या तोंडापुढं आम्ही लाल लोकरीचा एक धागा बांधला होता. धागा लोंबला की तिथं काही नाही. धागा ताठ होऊन दाराकडं ओढला गेला की गळती. अमोल दारांच्या पायथ्यानं एकेक गाळा पुढं सरकला. सहाव्या गाळ्यात धागा ताठ झाला. कॅमेऱ्यात रबराची फाटकी पट्टी फडफडताना दिसली.

ललितशेठ लगेच क्रेनकडं निघाले. मी म्हटलं, थांबा, एकदा दुसऱ्या टोकाकडून येऊन खात्री करू. अमोल ड्रोन घेऊन उलट बाजूनं आला. धागा ताठ झाला, तीच फाटकी पट्टी दिसली. त्यानं ड्रोन थांबवला. स्क्रीनवर ठिपका सातव्या गाळ्यात होता.

"अमोल, तू भरकटलास का?"

"न्हाई मॅडम, तिथंच गेल्तो. पट्टी तीच हाय."

मी पुन्हा सुरुवात केली. ड्रोन पृष्ठभागावर आणून एका खांबाला टेकवला, टेपनं मोजलं. ठिपका बरोबर. दुसऱ्या खांबाला टेकवला. तिथंही बरोबर. म्हणजे यंत्र ठीक होतं. पण सकाळपासून त्यानं आम्हाला दोनदा फसवलं होतं, त्यामुळं माझा त्याच्यावर विश्वास बसेना. तळाशी प्रतिध्वनी वेगळा असेल का? तळाचं पाणी गार असतं, गार पाण्यात आवाज सावकाश जातो, त्यानं फरक पडत असेल का? एवढा?

"म्याडम, सहावा की सातवा? एक काहीतरी बोला," ललितशेठ.

शेवटी मी दोन्ही जागांची सरासरी काढली. मधला बिंदू आला तो नेमका सहाव्या आणि सातव्या गाळ्यांमधल्या खांबात. भरीव काँक्रीटमध्ये. हे उत्तर असूच शकत नव्हतं. मग काय असू शकतं, तेही सुचेना.

अमोल म्हणाला, "मॅडम, खूण करून येऊ का? लोहचुंबक हाय आपल्याकडं."

चुंबकाला नारिंगी दोरी बांधली. ड्रोनच्या चिमट्यात धरून अमोलनं तो सहाव्या गाळ्यात नेला, फटीच्या जरा वर दाराला चिकटवला. दोरीचं दुसरं टोक वर ललितशेठच्या हातात दिलं. मग ड्रोन पलीकडच्या टोकाला नेला आणि परत आणला. सातव्या गाळ्यात धागा ताठ झाला. फाटकी पट्टी फडफडत होती. चुंबक नव्हता.

"शेठ, दोरी सुटली का?"

"न्हाई न्हाई, हातातच हाय. ओढून बघितली, पक्की हाय."

मी वाकून बघितलं. नारिंगी दोरी सहाव्या गाळ्यात ताणलेली, पिवळी केबल सातव्यात गेलेली.

फटी दोन होत्या.

बंधाऱ्यावर प्रत्येकानं पहिल्यापासून एकच गळती धरली होती. मीही. सलीमभाई सहाव्या गाळ्यापासून रेलिंगवर हात ठेवत चालत गेले आणि सातव्यापाशी थांबले. पाण्यात उतरायची लोखंडी शिडी तिथंच होती. सहाव्यापुढं प्लेटा सोडल्या असत्या, आणि ते आंधळ्या पाण्यात भिंत चाचपत त्या शिडीनं खाली गेले असते. सातव्या दाराच्या अगदी तोंडावरून. त्यांनी शिडीला बांधलेला आपला दोर सोडला, गुंडाळला आणि खांद्यावर टाकला.

"आज न्हाई उतरत," ते म्हणाले.

ललितशेठनं त्यांना एका शब्दानंही आग्रह केला नाही. फोन काढून दुसऱ्या बंधाऱ्यावरचा प्लेटांचा संच मागवायला लागले. क्रेनवाल्याला त्यांनी स्वतःच घरी पाठवलं.

प्लेटा आल्यावर दोन्ही गाळे झाकले. अमोलनं ड्रोन दोन्हीकडं फिरवला, धागा सरळ खाली लोंबत होता. मग सलीमभाई उतरले. दोन्ही दारांची रबरं सारखीच झिजून सारख्याच जागी फाटली होती, एकाच वेळी बसवलेली असणार. वर आल्यावर त्यांनी मुखवटा काढला आणि ते अमोलला म्हणाले, "तुझा तो लाल धागा मला बी दे थोडा. हातावर बांधून जातो इथून पुढं."

पाणीपातळी उतरायची थांबली.

यंत्र चुकतंय हे ओळखायला मी नोकरीत फार लवकर शिकले होते. त्या दिवसापासून दोन वेगळी उत्तरं आली की मी सरासरी काढत नाही. गोष्टी दोन आहेत का, ते आधी बघून घेते.