मामाजींचे गोड-तिखट दाणे

शेंगदाण्याशी बोलणारी माणसं जगात असतीलही, नाही कोण म्हणतं? पण शेंगदाण्याचं ऐकून घेणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नशिबाने माझा मामेसासरा आहे. आमच्या ह्यांचे हे सख्खे मामा. उभा जन्म नागपुरात सरकारी कचेरीत कारकुनी केली. तिथे साहेबाचं ऐकलं नाही, युनियनचं ऐकलं नाही, आणि घरी येऊन मामीजींचं तर मुळीच ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त कढईतल्या दाण्यांचं. दिवाळी उलटून थंडी पडली, की मामाजी गुळाच्या पाकातले गोड-तिखट दाणे करायला घेतात. शेंगदाणे, काजू, बदाम, वरून दालचिनी, सुंठ, मिरी, भिवापुरी मिरची आणि वाळवलेल्या संत्र्याच्या सालींची पूड. कॉफीच्या रिकाम्या बाटल्यांतून हे दाणे सगळ्या नातेवाइकांकडे जातात. ज्याच्या घरी बाटली पोचली नाही, त्याने आपलं काय चुकलं ते आठवायला बसावं.

त्यांची खरेदी म्हणजे दुकानदाराची परीक्षाच. मूठभर दाणे ओंजळीत घ्यायचे, कानाशी नेऊन खुळखुळवायचे आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर निकाल जाहीर करायचा, "ओले हायेत!" इतवारीतला एक दुकानदार ते लांबून दिसले रे दिसले, की हात जोडायचा, "काकाजी, आज माल नहीं है." आणि त्याच्या पाठीमागे थप्पी लावलेली पोती! एकदा याच रागात मामाजी तडक कळमन्याच्या घाऊक बाजारात गेले. तिथे पोत्याशिवाय बात नाही. हे हट्टाला पेटले, अख्खं पोतं ऑटोत घालून घरी आले, आणि त्या थंडीत आम्ही सगळ्या नात्यागोत्याने दाण्याची चटणी, दाण्याची आमटी आणि दाण्याचे लाडू खाल्ले. अजूनही आमच्या ह्यांच्यापुढे दाण्याची आमटी आली की ते उठून हात धुतात.

संत्र्याच्या सालींचं तर विचारूच नका. मोसमात त्यांच्या घरी संत्रं खायचं तर साल अखंड काढून परत करायची. एका बारशाला यजमानांनी पाहुण्यांना संत्री वाटली, तर हे महाशय रुमाल पसरून खुर्च्यांच्या रांगांतून फिरू लागले. मी पदरात तोंड लपवलं. "काहून लाजून राहिली वं सूनबाई?" ते सगळ्यांदेखत मला म्हणाले, "फेकूनच देनार होते ना थे!" यजमानबाईंनी जाताना त्यांना उरलेल्या सालींची पिशवी दिली.

पण खरा तमाशा स्वयंपाकघरात. कढई गॅसवर चढली की पंखा बंद, मिक्सर बंद, कुकर लावायचा नाही, दाराच्या बेलची वायर काढून ठेवलेली. मामीजी ओट्याशी उभ्या, कारण तूप-गूळ हातात द्यायला कोणीतरी हवंच. पण तोंडातून ब्र काढायचा नाही. शेजारच्या शेगडीवर दूध उतू चाललं तर मामीजींनी हातवारे करावेत आणि मामाजींनी डोळे वटारावेत. आमच्या ह्यांना नोकरी लागली तेव्हा हे पेढे घेऊन धावतपळत गेले. मामाजींनी बोटाने स्टूल दाखवलं. दाणे पाकात घोळून थाळीत पसरले, हात धुऊन झाले, तेव्हा कुठे "हं, बोल गा, काय झालं?" असं विचारणं झालं. त्यांचं शास्त्र असं, "दाना सोताच सांगते. पहिले तडतडते, मंग हळूच टिकटिक करते, अन् मंग चूप होते. तो चूप झाला का गूळ टाकाचा. जरासक इकडेतिकडे झालं, का गेला घाना!" आणि खरं सांगते, दाणे व्हायचेही तसेच. दाताखाली कडकन मोडणारे.

मागच्या थंडीत फोनवर ते मला दरडावू लागले, "पुटपुटून काहून राहिली वं? मोठ्यानं बोल ना!" आम्हाला वाटलं, नेटवर्क खराब असेल. मग एक दिवस घाणा जळला. त्यानंतरचाही जळला. डॉक्टरांनी कानाला मशीन दिलं, पण मशीनमधून नळ, रस्त्यावरचे हॉर्न आणि दाणा सगळे एकाच आवाजात ऐकू यायला लागले. मशीन डब्यात गेलं. त्यानंतरचा घाणा काळाठिक्कर पडला, तेव्हा मामीजींचा फोन आला, "येऊन जा वं. थे कढई भंगारवाल्याले देतो म्हनून राहिले. कालपासून धड जेवले बी नाही."

मी गेले. मामाजी व्हरांड्यात, कढई पायाशी. मला पाहून म्हणाले, "नेऊन टाक तुह्या घरी. मले आता सगळेच दाने चूप वाटते." भांडायला, मिरवायला, रुसायला या माणसाकडे दुसरं होतं काय? हे गेलं तर सकाळी उठून त्याने करायचं तरी काय?

तेवढ्यात मामीजी बाहेर आल्या. कढई उचलली, आत नेऊन गॅसवर ठेवली आणि मामाजींना हाताला धरून ओट्याशी उभं केलं. कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही हलवा. मी ऐकते."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"इतके वर्सं तोंड बंद करून इथंच उभी हाय ना? कान तं उघडेच होते माहे!"

बाप्पा! मामीजींचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी निमूट पंखा बंद केला. मामाजी हलवू लागले आणि मामीजींनी मागून त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. दाणे तडतडले, मग टिकटिक सुरू झाली. ती चालू असतानाच मामीजींनी पाठीवर थाप मारली. अहो, दाणा अजून बोलत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं! मी तोंड उघडलं आणि त्या घराच्या सवयीने मिटलं. मामाजींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. थाप पडली आणि त्यांनी गूळ सोडला.

दाणे झाले ते फिकट आणि मऊसर. मामाजींनी एक तोंडात टाकला, बराच वेळ चावला, मग मामीजींना काहीतरी विचारलं. मी नळ सोडून कढई घासत होते, त्यामुळे मामीजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काय सांगितलं कोण जाणे. पण एरवी पाहुण्यासारखा एखादा दाणा उचलणाऱ्या मामीजींनी त्या दिवशी वाटी भरून घेतली आणि पाटावर बसून सावकाश संपवली.

मामाजी फाटकापर्यंत सोडायला आले, तेव्हा मी ओरडून म्हटलं, "अगदी पहिल्यासारखे झाले हो मामाजी!"

"खोटं नोको बोलू. कच्चे हायेत. कान गेले वं, दात नाही गेले."

"मग मामीजींना सांगायचं ना!"

ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. "इचारलं ना मी तिले, लवकर काहून थापटलं म्हनून. तं म्हने, मले असेच आवडते, नरम. तुमचे कडक दाने मले कधी चावलेच नाही." मग म्हणाले, "लग्न झालं तवापासून खाऊन राहिली बिचारी. मीच बोलू देलं नाही."

मी गाडीला किल्ली लावली. ते आत गेले आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत आला, "अवं, उद्या काजू जास्त टाकू का बदाम? तूच सांग!" मामीजी काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मामाजींनाही आलं नसावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मामीजींनी पुन्हा मोठ्याने सांगितलं.