भिंतीवरच्या ताऱ्याचं सहावं टोक

दिनांक ३ जानेवारी २०२६, शनिवार. सहलीसाठी जमा झालेली एकूण रक्कम रुपये अठ्ठेचाळीस हजार सहाशे चाळीस. अकरा मुलं, पाच मोठी माणसं, माणशी तीन हजार चाळीस. वाशीम जिल्ह्यात जऊळक्याजवळच्या आमच्या गावातून समुद्र बघायला गेलेली ही पहिलीच सहल. ती निघाली भागिरथाबाईंमुळे.

भागिरथाबाई आमच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं त्या मुलांना घरून आणतात, हातपाय धुतात, खिचडी भरवतात, आणि आया शेतातून येईपर्यंत गोष्टी सांगतात. गोष्टी सगळ्या अंगणवाडीच्या एका भिंतीवरच्या चित्रातल्या. रिसोडच्या एका पेंटरने ती भिंत रंगवली तेव्हा त्यानेही समुद्र पाहिला नसावा. निळं पाणी, खेकडा, ताऱ्यासारखा मासा आणि एक दीपगृह, जे आमच्या जऊळका स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीसारखं दिसतं. बाई सांगत, हा दिवा बोटींना वाट दाखवतो आणि हा तारा खडकातल्या डबक्यात राहतो. असं सांगत सांगत गावातली निम्मी तरणी पोरं त्यांच्या हाताखालून गेली.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्याच नातीने, पहिलीतल्या धम्मदीपाने, सगळ्या पोरांसमोर विचारलं, "आजी, तारा तं आभायात असते. तुया मासा खरा हाये का? तू पाह्यला का?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. म्हणाल्या, "नाई पाह्यला."

अंगणवाडी सेविका साधनाताईंनी लगेच मोबाइलवर तारामासा काढून दाखवला. धम्मदीपाने बघितला आणि म्हणाली, "मोबाइलमदी तं बोलनारं माकड बी असते."

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. दोन दिवसांनी संध्याकाळी त्या माझ्या घरी आल्या. मी कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतो. गावातल्या कुठल्याही वर्गणीचं काम शेवटी माझ्याकडेच येतं.

"नरेंद्रभाऊ, समुद्र किती लांब हाये?"

"साडेसातशे किलोमीटर. काहून?"

"बावीस वर्स पोराईले सांगून राह्यली. खरं हाये का खोटं, ते एकदा पाह्यचं हाये. पोराईसमोरच पाह्यचं. खोटं निघालं तं तसं सांगीन त्याईले."

महिनाभर त्या घरोघर फिरल्या. लोकांनी मुलं पाठवली ती बाईंच्या भरवशावर. सतरा आसनांची गाडी ठरली. चालक वाशीमचे गोविंदसिंग. वेळापत्रक मी केलं. शुक्रवारी पहाटे निघणं, रात्री सांगलीत मुक्काम, शनिवारी दहा ते बारा समुद्र आणि खडकातली डबकी, चार ते पाच दीपगृह, साडेपाचला परत. त्याच्या पाच प्रती काढून सगळ्यांना दिल्या. दीपगृह कधी उघडतं हेसुद्धा फोन करून विचारलं होतं.

शनिवारी दहाला पाच मिनिटं असताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या गावी पोचलो. मुलं गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थबकली. एवढं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. मग कोणीतरी ओरडलं आणि सगळी धावत सुटली. वाळूत पडली, लाट पायाला लागली की किंचाळली, पाणी चाखून थुंकली. साधनाताई आणि सोबत आलेल्या दोन मुलांच्या आया त्यांच्या मागे पळत होत्या.

भागिरथाबाई मात्र पांढरं लुगडं सावरत उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांचा उपोसथ होता, बौद्धांचा व्रताचा दिवस. पौर्णिमेला त्या आठ शील पाळतात, बारानंतर जेवत नाहीत.

"भाऊ, पानी तं काठोकाठ हाये. खडक कुठी हायेत?"

खडक नव्हते. जिथे खडक आणि डबकी असल्याचं मी वेळापत्रकात लिहिलं होतं, तिथे लाटा फुटत होत्या. मी गाडीची, जेवणाची, दीपगृहाची वेळ विचारली होती. पाण्यालाही वेळ असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे तलाव सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो.

धम्मदीपा येऊन आजीचा पदर ओढू लागली. "आजी, मासा कुठी हाये?"

"थांब माय." बाई वाकून काठावरच्या एका मोठ्या दगडाकडे बघत होत्या. त्यावर हातभर उंचीवर ओली काळी रेघ होती आणि तिच्याखाली बारीक शिंपले चिकटलेले होते. "भाऊ, हे पानी चढते बी अन् उतरते बी. कवा उतरते ते कोनाले तरी विचारा."

विचारलं त्यांनीच. नारळपाणी विकणारी एक बाई बसली होती. ती म्हणाली, "आज पुनव ना? मग भरती सव्वाअकराची. खडक बघायचे तर पाच-साडेपाचला या. पुनवेची ओहोटी लांबवर जाते."

"तुमाले घड्याळ न पाहता कसं समजते?"

"तिथीला पाऊणपट करायची. पुनवेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी ओहोटी."

चाळीस वर्षं आकडेमोड केलेल्या माणसाला हे फार आवडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पुनव तं मले ठाऊकच होती. मले विचारलं असतं तं."

आता अडचण सरळ होती. ओहोटी साडेपाचला आणि गाडी सुटणार साडेपाचला. गोविंदसिंग टायरला टेकून चहा पीत होते. ते म्हणाले, "साहेब, तुमीच लिहून देल्लं. साडेपाच मंजे साडेपाच. अंधारात घाट उतरला-चढला अन् डोळा लागला तं कोनाचा तारा दिसन?"

"मी तुमच्या बाजूच्या शिटवर बसते," बाई म्हणाल्या. "घाट सरेपर्यंत बोलत राह्यते. माया तोंडापुढं कोनी झोपलं नाई आजवर. दोन वर्साची पोरं बी झोपत नाईत."

गोविंदसिंग हसायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय म्हननं हाये?"

मी खिशातली प्रत काढली, साडेपाचवर रेघ मारून सव्वासहा लिहिलं. बाकीच्या चार प्रतींवरही तेच केलं.

चारच्या ठोक्याला आम्ही दीपगृहाच्या दारात होतो. तिकीट खिडकीवर पाचशेच्या नोटेला सुट्टे नव्हते, मोबाइलला रेंज नव्हती. सगळे खिसे उलटे केल्यावर वीस रुपये कमी पडले, ते भागिरथाबाईंनी कनवटीचे काढून दिले. गोल जिना चढताना मुलं मोठ्याने पायऱ्या मोजत होती आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता. वर काचेच्या भिंगाजवळ बाईंनी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, "दादा, हा बोटीईले वाट दाखवते ना?"

"त्याच्यासाठीच आहे, आजी."

बाईंनी वळून सगळ्या मुलांकडे पाहिलं. अर्धं काम झालं होतं.

खाली उतरलो तेव्हा समुद्र मागे सरकला होता. सकाळी लाटा होत्या तिथे काळा खडक उघडा पडला होता आणि त्यात परातीएवढी, बादलीएवढी स्वच्छ डबकी. एकात शंख चालत होता. मुलांनी उचलून पाहिला तर आत खेकडा. एकात हिरवट फुलं होती, बोट नेलं की मिटायची. पण तारा नव्हता. पाच वाजले, सव्वापाच झाले. आया मुलांचे हात धरून दमल्या. धम्मदीपा आजीच्या मागे मागे चालत होती. सकाळी अकरापासून पोटात काही नसलेल्या बाई शेवाळावर पाय रोवत एकेक दगड अलगद उचलून बघत होत्या आणि होता तसा परत ठेवत होत्या. लहानपणी ओढ्यात खेकडे धरायची सवय.

साडेपाचनंतर केव्हातरी त्या उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "या रे."

आवाज मोठा नव्हता. तरी सगळी आली. दगडाच्या बुडाशी, तळहाताएवढा, मातकट रंगाचा. आधी तो नुसता चिकटलेला वाटला. मग त्याचं एक टोक हळूच वर आलं आणि पुढे टेकलं.

"जिता हाये!" धम्मदीपा ओरडली.

"हात नोको लावू. पाह्य नुसता."

तिने बोट हवेतच धरून मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. आजी, भिंतीवर तं सा हायेत!"

मला वाटलं बाई खट्टू होतील. त्यांनी वाकून स्वतः टोकं मोजली. मग म्हणाल्या, "मंग भिंत चुकली. मासा बरोबर हाये."

दगड त्यांनीच परत ठेवला. सव्वासहाला गाडी सुटली. घाट सरेपर्यंत गोविंदसिंगांना तारामाशाची गोष्ट तीन वेळा ऐकावी लागली, असं तेच सांगतात.

सोमवारी कामाला जाताना मी अंगणवाडीत डोकावलो. बाई स्टुलावर उभ्या होत्या. चुन्यात नीळ कालवून त्यांनी समुद्राचा रंग केला होता आणि ताऱ्याचं सहावं टोक त्याखाली बुजवत होत्या. वाटी धम्मदीपाने धरली होती आणि ती बाकीच्या मुलांना सांगत होती, "हा खरा असते. मी पाह्यला."

निळा रंग नीट जुळला नाही. तेवढी जागा फिकट दिसते.

दीपगृहाच्या तिकिटाचे वीस रुपये भागिरथाबाईंना देणे बाकी आहे.