बर्फातलं पाऊल

आमच्या दिवाणखान्यात लग्नाचा फोटो नाही, एका पावलाचा आहे. नवरा तरुणपणी हिमालयात गेला होता, तेव्हा बर्फात उमटलेलं हे हातभर लांब पाऊल त्याला दिसलं. हिममानवाचं, असं तो म्हणतो.

पाहुणे आले की खुलासे सुरू होतात. "दाजी, अस्वल असणार," माझा भाऊ म्हणतो. "पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पाय पडला की एकच लांबलचक पाऊल दिसतं." नणंदेचं म्हणणं वेगळं. "अरे दादा, साधाच ठसा असेल. उन्हानं कडा वितळल्या आणि पसरला." नवरा फोटोकडे बघत राहतो. "असेलही. पण नसेल तर?" हे म्हणताना त्याचा आवाज इतका हळवा होतो, की माझ्या पोटात दुखतं.

यंदा गौरी आणताना मी ओल्या कुंकवात मूठ बुडवून दारापासून आतपर्यंत पावलं उठवली. मुठीच्या कडेचा तळवा झाला, बोटांच्या टोकांची बोटं. पाय न लावताच पावलं उमटली आणि नवरासुद्धा ती जपून ओलांडत होता. कधीच न दिसणाऱ्यांच्या पावलांचे केवढे हे लाड!

गौरी गेल्यावर मी फरशी पुसली आणि ती वाळायच्या आत स्वयंपाकघरात गेले. मागून नवरा करवादला, "ओल्या फरशीवरून कोण गेलं?"

घरात आम्ही दोघंच होतो.