मास्तरांचा जास्तीचा स्क्रू

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खाली वर्णन केलेली व्यक्ती स्त्री असून वय वर्षे अडुसष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटे कमी, बांधा काटक, चष्मा जाड भिंगांचा. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर शाईचा डाग, जो निवृत्तीला दहा वर्षे उलटूनही गेलेला नाही. पेशा : न्यायालयाच्या अभिलेख कक्षातील सेवानिवृत्त नोंदपाल. सेवा एकतीस वर्षे. या काळात उक्त कक्षातून एकही कागद गहाळ नाही. एका कागदाला वाळवी लागली, ती नोंदवण्यात आली. अपत्य : मुलगा एक, विवाहित, एकत्र राहतो. वैवाहिक स्थिती : पतीचे निधन होऊन दोन वर्षे, तथापि पतीशी वाद अद्याप प्रलंबित.

एका मंगळवारी सकाळी या बाईंचा मिक्सर जळका वास सोडून बंद पडला.

कोर्टात सगळे त्यांना रेकॉर्डबाई म्हणायचे, आणि पुढे वसाहतीतही तेच नाव चिकटलं. मिक्सर मात्र त्यांचा नव्हता, मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेतले ड्रॉइंगमास्तर. मुलांकडून कागदाच्या लगद्याचे मुखवटे करून घ्यायचे तर लगदा वाटायचा कशात, म्हणून मास्तरांनी कुणाला न विचारता तो घरी आणला होता. आठवड्याभरात रेकॉर्डबाईंनी त्याचा ताबा घेतला. पुढची कित्येक वर्षं त्याची दोन भांडी शेजारी शेजारी नांदली. एकावर चिठ्ठी ‘लगदा’, दुसऱ्यावर ‘माणसे’.

अकरा वर्षांपूर्वी त्या मिक्सरच्या आतली एक चकती झिजली. मास्तर म्हणाले, मीच बसवतो. एका रविवारी वर्तमानपत्र पसरून त्यांनी मिक्सर उघडला, चकती बदलली, मिक्सर बंद केला. वर्तमानपत्र गोळा करताना त्याच्या घडीतून एक स्क्रू घरंगळत बाहेर आला.

“मास्तर, हा उरला.”

“तो जास्तीचा आहे गं.”

“जास्तीचा म्हणजे? आकाशातून पडला?”

“कारखान्यातून येतो एखादा.”

“कारखाने कमी देतात. जास्तीचं दिलेलं मी तरी ऐकलं नाही.”

हे इथेच मिटलं असतं. पण त्याच संध्याकाळी मिक्सर चालायला लागला. चालायला म्हणजे अक्षरशः. बटण फिरवलं की तो अंग घुसळत डावीकडे निघायचा आणि ओट्याची कड येईपर्यंत थांबायचा नाही. पूर्वी असं कधी होत नव्हतं. रेकॉर्डबाईंनी स्क्रूकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं आणि आरोपी निश्चित केला. आरोपी सापडला की पुढचा तपास थांबतो, हे त्यांनी कोर्टात एकतीस वर्षं पाहिलेलंच होतं. स्क्रू पाकिटात गेला. पाकिटावर ‘मुद्देमाल क्र. १’ आणि तारीख.

तेव्हापासून मिक्सर लावायला दोन माणसं लागायची. बाई झाकण दाबून धरायच्या आणि मास्तर मिक्सरला दोन्ही हातांनी कवेत घ्यायचे, पळणारं पोर आवरावं तसं. त्या घरघराटात रोज तोच वाद व्हायचा. बाई ओरडून म्हणायच्या, “एक स्क्रू कमी असला की असं होतं!” मास्तर ओरडून म्हणायचे, “जास्तीचा आहे!” याखेरीज मास्तरांनी आपल्या बचावात कधी एक अक्षर काढलं नाही. नऊ वर्षं असं चाललं. मग मास्तर गेले, आणि मिक्सर धरायचं काम सुनेकडे आलं.

तर, मंगळवार.

“आई, आता नवाच घेऊ,” मुलगा म्हणाला. “पाच वर्षांची गॅरंटी असते. जुन्याच्या दुरुस्तीत काही अर्थ नसतो.”

“आणि हा?”

“हा भंगारात.”

“म्हणजे पुरावा नष्ट.”

सून चहा गाळता गाळता थांबली. “आई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली हो. आता तरी खटला मागे घ्या.”

“प्रतिवादी वारला म्हणून दावा संपत नाही. त्याचे वारस दाखल करून घेतात,” असं म्हणून रेकॉर्डबाईंनी मुलाकडे पाहिलं.

“मी काय केलंय?” मुलगा म्हणाला आणि डबा न घेताच ऑफिसला गेला.

शेजारच्या बाई येऊन हळहळून गेल्या. “असू द्या हो, त्यांची आठवण आहे ती.”

“आठवण कसली? मुद्देमाल आहे.”

लोकांना वाटलं, म्हातारी हळवी झाली आहे, नवऱ्याची वस्तू सोडवत नाही. वस्तुस्थिती अशी होती की त्यांना दुरुस्ती नकोच होती, त्यांना निकाल हवा होता. अकरा वर्षांत मिक्सर एकदाही तज्ज्ञापुढे गेला नव्हता, कारण तो चालत होता, दोन्ही अर्थांनी. आता तो बंद पडला होता आणि उघडणं भागच होतं. एकदा कुणीतरी जाणत्या माणसाने म्हणावं, हा स्क्रू इथला. मग मिक्सर दुरुस्त झाला काय आणि भंगारात गेला काय. त्यांचं म्हणणं खरं होतं, एवढं ठरलं की बास.

मागच्या गल्लीत मोटारींचं वाइंडिंग करणारा एक कारागीर बसायचा. दुकान एका खाटेएवढं, छताला पाती काढलेले पंखे टांगलेले, आणि दोन्ही बाजूंना इतकी यंत्रं पोट उघडून पडलेली की गिऱ्हाइकाने आत शिरायचं तर तिरकंच शिरावं लागे. रेकॉर्डबाई तिरक्या शिरल्या. पिशवीतून मिक्सर काढला.

“ठेवून जा, आजी. शनिवारी या.”

“ठेवून जाणार नाही. माझ्यासमोर उघडायचा.”

“विश्वास नाही होय?”

“तुमच्यावर आहे. याच्या आधी ज्यांनी उघडला त्यांच्यावर नाही.”

“कुणी उघडला होता?”

“आमच्या ह्यांनी.”

“मग बरोबर आहे,” वाइंडिंगवाला म्हणाला. “निम्मं दुकान नवऱ्यांच्या जिवावर चालतं आमचं.”

रेकॉर्डबाईंना हा माणूस या एका वाक्यातच आवडला. त्यांनी पाकीट काढून समोर ठेवलं. “दुरुस्ती मागाहून. आधी एवढंच सांगायचं, हा स्क्रू या मिक्सरचा आहे की नाही.”

वाइंडिंगवाल्याने मिक्सर उलटा केला, खालून पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. “आजी, इथे तर...”

“आधी स्क्रू.”

“अहो, पण इथे खाली...”

“क्रमाने. आधी मुद्दा एक.”

त्याने खांदे उडवले आणि पेचकस लावला. खालची पांढरी प्लास्टिकची तबकडी सुटली. आत पाहून तो आणखी खाली वाकला. मग कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

प्रत्येक स्क्रूशेजारी पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ होतं आणि त्यात आकडा. एक ते नऊ, सुबक, छापल्यासारखे. ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने लिहिलेले, आणि त्याच क्रमाने परत बसवलेले.

“हे कुणाचं काम?”

“ड्रॉइंगमास्तर होते.”

“आजी, तीस वर्षं उघडतोय मी ही यंत्रं. अशी कुणी उघडलेली पाहिली नाहीत.” त्याने मोजले. “नऊच्या नऊ जागेवर आहेत. दहावं भोकच नाही.” मग पाकिटातला स्क्रू चिमटीत धरून उजेडात फिरवला. “आणि याचे आटे बारीक आहेत. मिक्सरला जाड आट्याचे लागतात. हा इथे बसायचा म्हटला तरी बसणार नाही.”

“मग हा कशाचा?”

“देव जाणे. खुर्चीचा, कपाटाचा, कशाचाही.”

रेकॉर्डबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. कोर्टात निकाल विरुद्ध गेलेल्या पक्षकारांना त्या पाण्याचा पेला द्यायच्या. इथे पेला नव्हता.

“मग चालत का होता तो?”

“आता बोलू मी?” वाइंडिंगवाल्याने तबकडी त्यांच्यापुढे धरली. “खाली चार रबरी पाय असतात. इथे तीनच आहेत. चौथा पडलेला नाही. ही जागा बघा, कुणीतरी खरवडून काढलाय. चांगला जोर लावून. चरे बघा केवढे उठलेत.”

रेकॉर्डबाईंनी चरे पाहिले. आणि अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार, जो त्यांच्या लेखी संपूर्ण तपासून झालेला होता, त्याचं एक न वाचलेलं पान उलटलं. मास्तर आंघोळीला गेले होते. मिक्सरचे तुकडे वर्तमानपत्रावर पडले होते. आपण सहज तबकडी हातात घेतली, तर एका कोपऱ्यात काळा, चिकट, वितळलेला गोळा. शेगडीच्या बाजूचाच कोपरा. आपल्याला वाटलं, काहीतरी सांडून करपलंय. पाव तास खरवडलं. सुरीचं टोक मोडलं, पण डाग काढला. वर मास्तरांना ऐकवलंही होतं : “तुमच्या यंत्राची मोरी झाली होती, मीच साफ केली.”

“आतल्या बाजूला चित्र पण आहे,” वाइंडिंगवाला म्हणाला.

तबकडीच्या आतल्या अंगाला, बरोबर त्या खरवडलेल्या जागेच्या पाठीमागे, अंगठ्याच्या नखाएवढी एक सुरी काढलेली होती. मुठीला दोरा गुंडाळलेला, टोक मोडलेलं. छायाप्रकाशासकट. शब्द एकही नाही. खाली सही आणि तारीख. चित्रकलेच्या लोकांना ही खोड असते. तारीख दुरुस्तीनंतरच्या नवव्या दिवसाची होती.

म्हणजे मास्तरांनी मिक्सर पुन्हा उघडला होता. कारण शोधलं होतं, त्याचं चित्र काढून ठेवलं होतं आणि झाकण लावून टाकलं होतं. नंतर नऊ वर्षं तो माणूस रोज मिक्सरला मिठी मारून, बायकोच्या तोंडावर, अत्यंत प्रामाणिकपणे सांगत राहिला की स्क्रू जास्तीचा आहे.

“लबाड,” रेकॉर्डबाई म्हणाल्या. “लबाड मेला.”

“कोण, आजी?”

“तुम्ही नाही हो.”

वाइंडिंगवाल्याने तेवढ्यात मोटारही पाहिली. “मोटारीतले कार्बन झिजून संपलेत, बाकी काही नाही. बदलून देतो, दहा वर्षं बघायला नको. आणि पाय बसवतो, पाच मिनिटांचं काम आहे.”

रेकॉर्डबाईंनी विचार केला. मिक्सर जागचा हलेनासा झाला तर घरात पहिला प्रश्न येणार, काय बिघडलं होतं? त्याच्या पाठोपाठ दुसरा, कुणी बिघडवलं होतं? आणि सून गप्प बसणारी नव्हती.

“कार्बन तेवढे बदला. पाय नको.”

“अहो, परत चालेल तो!”

“चालू दे. घराला सवय आहे.”

“आणि हे चित्र?”

“झाकण लावा,” रेकॉर्डबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर कागद दडपण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग.

घरी सुनेने दारातच गाठलं. “काय म्हणाला? कुणाचा स्क्रू?”

“निकाल राखून ठेवलाय.”

“असं कसं?”

“असं असतं. मोठी प्रकरणं असली की असतं.”

रविवारी विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, जेवायला आल्या. स्वयंपाकघरात सगळी उभी असताना सुनेने मिक्सर लावला आणि तो नेहमीसारखा डावीकडे निघाला. विहीणबाई दचकून मागे सरल्या.

“घाबरू नका, तो फिरायला निघतो,” मुलगा म्हणाला आणि पुढे होऊन त्याने मिक्सर धरला. मग त्याने ती गोष्ट सांगितली. रविवार, वर्तमानपत्र, उरलेला स्क्रू. मास्तरांची नक्कलही केली, मान तिरकी करून, “जास्तीचा आहे गं!” विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“पुरुषाच्या हातात पाना दिला की हे असंच,” त्या म्हणाल्या.

“बाबा चित्रं काढायचे ते ठीक,” मुलगा घरघराटावरून ओरडला, “पण हाताने दुसरं एक काम कधी धड जमलं नाही त्यांना!”

ही गोष्ट रेकॉर्डबाईंनी शेकडो वेळा ऐकली होती. निम्म्या वेळा त्यांनीच सांगितली होती, आणि मुलगा एखादा तपशील विसरला तर त्या पुरवायच्या. आज सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण पाकिटाचा भाग नेहमी त्या सांगत.

त्या काहीतरी बोलल्या. मिक्सरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

मुलाने बटण बंद केलं. “काय म्हणालीस?”

कबुली एकदा देणं सोपं असतं, दुसऱ्यांदा स्वच्छ आवाजात द्यावी लागते. रेकॉर्डबाईंनी घसा साफ केला.

“स्क्रू त्याचा नव्हता. त्यांनी नऊच्या नऊ नीट बसवले होते. पाय मी काढला. सुरीने.”

विहीणबाईंनी उगाचच पाण्याचं भांडं उचलून परत ठेवलं.

“बाबांना माहीत होतं?” मुलाने विचारलं.

“नवव्या दिवसापासून.”

“मग बोलले का नाहीत?”

“ते मला काय विचारतोस?”

सून पदर तोंडाशी धरून उभी होती. “म्हणजे आई, हरलात तुम्ही.”

“हरले,” रेकॉर्डबाई म्हणाल्या. “वाढायला घ्या.”

सोमवारी वाइंडिंगवाल्याने चौथा पाय बसवून दिला. तबकडी त्याने हळूच काढली आणि हळूच लावली. चित्र पुसलं गेलं नाही. नव्या मिक्सरचा विषय परत निघाला नाही. जुना आता ओट्यावर जागच्या जागी उभा राहतो. लावला की धरायला कुणी लागत नाही.